तीन मिनिटं झाली, वाढवू का?

ताई,

तुमचं सदर मी नेमाने वाचते, लिहायची मात्र ही पहिलीच वेळ. माझं वय ७३. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडून देणारी, म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मुलगा, सून आणि १४ वर्षांचा नातू यांच्याबरोबर राहते.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी नातू माझ्या शेजारी येऊन बसला होता. मी त्याला माझ्या रात्रपाळीतली एक हकीकत सांगत होते. एका माणसाला दूरच्या हॉस्पिटलात फोन लावायचा होता. त्याची बायको बाळंत होत होती आणि लाइन सारखी तुटत होती. नातू मोबाइलवर अंगठा फिरवत ‘हं, हं’ करत होता. मी मुद्दाम वाक्य अर्धवट सोडून गप्प बसले. समोरच्या घड्याळात चार मिनिटं गेली, त्याच्या लक्षातही आलं नाही. मध्ये एकदा ‘हं’ म्हणाला, मी काहीच बोलले नव्हते तरी.

रात्री मी मुलाला म्हणाले, ‘या पिढीचं काही खरं नाही. यांची डोकी कामातून गेलीत.’ नातवाने ते ऐकलं. मुलाने रागाच्या भरात त्याचा मोबाइल हिसकावून घेतला, सून माझ्यावर नाराज झाली, आणि नातू तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. मुलाला तरी काय बोलायचं, त्याला स्वतःलाच ऑफिसचे मेसेज रात्री अकरापर्यंत येत असतात.

हाच नातू पूर्वी मला दिवसाला पन्नास प्रश्न विचारायचा. आता सगळं मोबाइललाच विचारतो. निवृत्त होताना आठवण म्हणून मागून घेतलेला एक काळा डायलचा फोन माझ्या कपाटात आहे, तोही मुका पडलाय. जन्मभर मी माणसांच्या लाइनी जोडल्या आणि आता शेजारी बसलेल्या पोरापर्यंत माझी लाइन लागत नाही. मी बोलले ते चुकलं का? या मुलांचं पुढे काय होणार? की आम्ही म्हाताऱ्यांनी गप्पच बसायचं?

— एक आजी

काकू,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या चार मिनिटांपाशी अडखळले. आपण बोलायचे थांबलोय हे शेजारी बसलेल्या आपल्या माणसाला कळू नये, हे लागतंच. ‘आजकालची मुलं अशीच, मनावर घेऊ नका’ अशी कुणी समजूत घातली असेल तर ती बाजूला ठेवा. तुम्ही दुखावलात ते साहजिकच आहे. पण त्या भरात तोंडून जे गेलं ते चुकलं, हेही मी आडपडदा न ठेवता सांगते. दोन्हींवर बोलायचंय.

आधी मोबाइलचं, कारण हे तुम्हाला समजेल तितकं दुसऱ्या कुणाला पटकन समजणार नाही. तुम्ही ट्रंक बोर्डवर बसायचात तेव्हा कॉलला शेवट होता. कॉलच्या नोंदीच्या तिकिटावर वेळ टाकलेली असायची. कानाला हेडसेट, समोर कॉर्ड खोचलेली, आणि वेळ भरली की तुम्ही मध्ये बोलायचात, ‘तीन मिनिटं झाली, वाढवू का?’ पलीकडचा माणूस क्षणभर थांबायचा. वाढवा म्हणायचा, नाहीतर दोन शब्दांत आवरतं घेऊन रिसीव्हर ठेवायचा. लोकांना तो व्यत्यय वाटत असेल, पण त्या एका प्रश्नामुळे ठरवायचं काम त्यांच्याकडे राहायचं.

तुमच्या नातवाच्या हातात जे आहे, त्यातून नेमका हाच प्रश्न काढून टाकलेला आहे. पूर्वी वेबसाइटचं पान खाली जाऊन संपायचं, पुढचं हवं असेल तर बटण दाबावं लागायचं. २००६ साली एझा रास्किन या डिझायनरने पान कधी संपणारच नाही अशी रचना तयार केली. खाली सरकत राहा, नवं येत राहतं. पुढे याच गृहस्थाने त्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला, पण तोवर ती रचना सगळीकडे पसरली होती. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, तोही याच घराण्यातला.

त्यात भर म्हणजे पुढे काय निघेल याचा नेम नसतो. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग केले होते. ठरावीक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळत असेल, तर दाणा मिळाला की कबूतर जरा विसावतं. पण दाणा कधी मिळेल याचा भरवसा नसेल, तर ते थांबतच नाही, टोचत राहतं. अंगठा सरकवल्यावर कधी काहीतरी भन्नाट निघतं, कधी अगदीच फालतू. म्हणून अंगठा थांबत नाही. तुमच्या गोष्टीत राम नव्हता आणि मोबाइलमध्ये होता, असा निवाडा त्या संध्याकाळी नातवाने केलेला नाही, काकू. तो काही ठरवतच नव्हता. त्या रिकाम्या जागी आलेला ‘हं’ त्याचीच खूण आहे.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर खातं ठेवायला कायद्याने मनाई झाली. त्या कायद्यात दंड आहे तो कंपन्यांना, मुलांना नाही आणि आईवडिलांनाही नाही. बंदीने काय साधेल ते पुढे दिसेल, पण जाब कुणाला विचारायचा हे त्यांनी बरोबर ओळखलं, असं मला मनापासून वाटतं.

आता ‘डोकी कामातून गेलीत’ याकडे वळते. हे खरं नाही, काकू. किमान आज तरी कुणाला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. संशोधकांमध्ये यावर जोराचा वाद चालू आहे. ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी २०१९ साली साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग स्क्रीनच्या वापराशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं. त्याच आकडेवारीत चष्मा असण्याचा मनःस्वास्थ्याशी संबंध याहून जास्त वाईट निघाला. मात्र ही सरासरी आहे. सरासरीत न बसणारी, खरोखर होरपळलेली मुलंही असतात आणि त्यांच्या आईवडिलांना असल्या आकड्यांनी धीर येत नाही, हे मला येणाऱ्या पत्रांवरून ठाऊक आहे. तेव्हा तुमची काळजी खोटी नाही. सबंध पिढीला बुडीत खात्यात टाकणारं ते वाक्य तेवढं खोटं आहे.

काळजी करायचीच असेल तर झोपेची करा. तिथे मी ठाम आहे. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन उशिरा पाझरू लागतं, म्हणून या मुलांना मुळातच लवकर झोप येत नाही. त्यात उशाशी मोबाइल, त्याचा उजेड, आणि कुणी काय लिहिलं याची ओढ. सकाळी शाळा मात्र ठरलेल्या वेळेलाच. जे अपुरं राहतं ते झोपेतूनच जातं, आणि मग चिडचिड, लक्ष न लागणं, विसरणं. आपण म्हणतो, मोबाइलने डोकं बिघडलं. पुष्कळदा ते फक्त न झोपलेलं डोकं असतं.

घरात तान्हं मूल असतं तर मी याहून कडक लिहिलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगून ठेवलंय की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. पण तुमचा नातू १४ वर्षांचा आहे. त्याचे मित्र, त्याचा अभ्यास, त्याच्या थट्टामस्करीचा अर्धा भाग त्या मोबाइलमध्ये आहे. तो हिसकावला की त्याच्यापुरता सगळा कंपू बंद होतो.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: मुलाला रात्री अकरापर्यंत ऑफिसचे मेसेज येतात. माझी नजर तिथेच खिळली.

१९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला होता. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, आणि मग सांगितल्याप्रमाणे दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवून नुसती समोर बसते. बाळ आधी हसून बघतं. मग हात पुढे करतं, आवाज काढतं, बोट दाखवतं. तरी आईचा चेहरा हलत नाही म्हटल्यावर रडकुंडीला येतं आणि शेवटी तोंड फिरवतं. त्या संध्याकाळी तो न हलणारा चेहरा तुमच्या वाट्याला आला. पण मला विचाराल तर तुमच्या नातवाने तो आधी पाहिलेला आहे. मोठ्यांचा. माझ्याही घरात हे घडलंय. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना शाळेतल्या नाटकाबद्दल सांगत होती आणि मी मोबाइलवर वाचकांची पत्रं वाचता वाचता मान डोलावत होते. तिने तळहात स्क्रीनवर ठेवला आणि म्हणाली, ‘आई, डोळ्यांनी ऐक ना.’ तो लहानसा, शाईचे डाग पडलेला हात मला अजून दिसतो. दुसऱ्यांच्या दुःखाची पत्रं वाचताना मी माझ्याच लेकीचं ऐकत नव्हते, याची बोच आजही गेलेली नाही.

हे तुमच्या मुलाला दोष द्यायला लिहीत नाही. नोकरी कुणाला चुकलीय. पण मान खाली घालून ‘हं’ म्हणायला नातू जर घरातच शिकला असेल, तर इलाजही एकट्या त्याच्यावर करून भागणार नाही.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ‘पूर्वी पन्नास प्रश्न विचारायचा, आता मोबाइललाच विचारतो.’ काकू, तुमचं खरं दुःख इथे आहे असं मला वाटतं. नातू हरवलेला नाही. तो त्या संध्याकाळी तुमच्याच शेजारी येऊन बसला होता. अख्खं घर मोकळं असताना चौदा वर्षांचा मुलगा आजीशेजारी जागा धरून बसतो, हे तुम्ही पत्रात लिहिलंत आणि स्वतःच त्यावरून पुढे गेलात. गेलं आहे ते तुमचं काम. आकाश निळं का, विमान वर कसं राहतं, पूर्वी लोक काय करायचे, हे सांगणारं माणूस घरात एकच होतं आणि ते तुम्ही होतात. ती जागा मोबाइलने घेतली. निवृत्तीच्या दिवशी बोर्डवरून उठताना जे वाटलं असेल, ते तुम्हाला दुसऱ्यांदा वाटतंय, या वेळी स्वतःच्या घरात. याचं वाईट वाटणं अगदी खरं आहे, आणि ते ‘या पिढीचं’ म्हणून बोलून दाखवलं की कुणाला कळत नाही. नातवाला तर नाहीच. त्याला एवढंच ऐकू आलं, की आजीला मी टाकाऊ वाटतो.

म्हणून पहिलं काम माफीचं. नातवाकडे एकटं असताना जा आणि सांगा, ‘मी तुझ्याबद्दल जे बोलले ते चुकलं. मला वाईट वाटलं होतं म्हणून बोलले.’ इथे थांबा. पुढे ‘पण तूसुद्धा’ जोडू नका. त्या ‘पण’मुळे माफीची तक्रार होते आणि मुलांचे कान याबाबतीत फार तिखट असतात. तो ‘ठीक आहे’ एवढंच म्हणेल कदाचित. तेवढं पुरे. चार मिनिटांचं काय वाटलं ते सांगायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी सांगा, आणि फक्त स्वतःचं सांगा: ‘मी बोलायची थांबले आणि तुला कळलं नाही, तेव्हा मला फार एकटं वाटलं.’ यात आरोप नाही, म्हणून त्याला ऐकता येईल.

मोबाइलचे नियम करणं मुलाचं आणि सुनेचं काम आहे, ते त्यांच्याकडेच राहू द्या. नातवाच्या चुका टिपून त्यांच्यापर्यंत नेऊ नका, एकदा का तुम्ही पहारेकरी झालात की तो शेजारी येऊन बसायचा नाही. पण एक गोष्ट तुम्ही सुचवू शकता, आणि ती तुम्हालाच शोभते: शेवट परत आणायचा. रात्री ठरलेल्या वेळेनंतर घरातले सगळे मोबाइल बाहेरच्या खोलीत एकाच जागी चार्जिंगला. सगळे म्हणजे मुलाचाही, सुनेचाही, तुमचाही. ऑफिसचं अगदीच अडलं तर मुलाने बाहेर जाऊन बघावं आणि मोबाइल तिथेच ठेवून परत यावं. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बऱ्याच ॲपमध्ये सेटिंगमधून बंद करता येतात, बहुतेक ॲपची नोटिफिकेशनही बंद ठेवता येतात. हे नातवानेच सगळ्यांच्या मोबाइलवर करून द्यावं. आणि थांबायला सांगायचं तर मध्येच हिसकावून नको. तो मित्रांबरोबर गेम खेळत असेल तर अर्ध्यावर उठला की त्याच्या बाजूचे मित्र हरतात, त्याची तिथली पत जाते. ‘हा डाव झाला की ये’ म्हणा. चालू कॉल मध्येच तोडायचा नसतो, आधी कल्पना द्यायची असते, हे तुम्ही वर्षानुवर्षं केलंयत.

एक खबरदारी मात्र सांगून ठेवते. गेमवरचा ताबा पूर्ण सुटणं हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात सहसा वर्षभराचा काळ धरतात: ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं. नातवाची झोप, शाळा, मित्र, जेवण यांतलं काही ढासळत असेल, किंवा तो सतत उदास, घाबरलेला दिसत असेल, तर वर्षभर वाट बघत बसू नका, मुलाला आणि सुनेला डॉक्टरांकडे जायला सांगा. तुम्ही लिहिलंय त्यात मला तसं काही दिसलं नाही.

आणि तो कपाटातला काळा फोन बाहेर काढा.

त्याच्यासमोर ठेवा आणि सांगा की हा उघडून बघायचाय, स्क्रू बारीक आहेत, माझ्या नजरेला आणि बोटांना आता जमत नाही. हे खोटं नसणार, म्हणून ते सांगायला संकोच नको. झाकण निघालं की त्याला डायल फिरवायला लावा. ५ फिरवला की डायल परत येताना लाइन पाच वेळा तुटते आणि जोडली जाते, ० ला दहा वेळा, सेकंदाला साधारण दहा ठोके. आत वेग आवरणारा एक चिमुकला भाग असतो, गव्हर्नर म्हणतात त्याला. बोटाने कितीही जोरात फिरवा, परत येताना डायल आपल्या ठरलेल्या वेगानेच येते. ते कर्रर्र त्याला कान देऊन ऐकू द्या. मग त्याला सांगा की रिसीव्हरचा हूक बोटाने तितक्याच वेळा टपटपवला तर डायलला हात न लावताही नंबर लागायचा. या वयाच्या मुलाला ही युक्ती आवडली नाही तर मला आश्चर्य वाटेल. तो लगेच मोबाइलवर शोधून बघेल की आजी म्हणते ते खरं आहे का. बघू द्या. त्याला कळेल की खरं आहे. पण तुमच्या बोटांना तो ठेका अजून आठवतो का, हे मोबाइलला माहीत नाही, ते तुम्हालाच करून दाखवावं लागेल.

तसंच एखाद्या दिवशी त्याला विचारा, त्या संध्याकाळी तू काय बघत होतास, मला दाखव. शेजारी बसा आणि पंधरा मिनिटं काही शेरा न मारता बघा. त्यातलं काही तुम्हाला भिकार वाटेल. एखादं मात्र आवडेलही, तेव्हा तसं म्हणा. तो कशावर हसतो ते कळलं की बोलायला वाट सापडते. प्रश्न विचारायची पाळी आता तुमची आहे, काकू. पन्नास नकोत, रोज एखादा पुरे.

गप्प बसू का, असं विचारलंत. नका बसू. मात्र त्याचं डोकं वर आहे हे बघून बोला. नाव घेऊन हाक मारा, त्याने बघेपर्यंत थांबा, मग सुरू करा. लाइन लागल्याशिवाय तुम्ही कधी कुणाला ‘बोला’ म्हटलं नसेल.

एक राहिलंच. त्या रात्री दूरच्या हॉस्पिटलात फोन लावू पाहणाऱ्या त्या माणसाचं पुढे काय झालं, हे तुम्ही पत्रातही लिहिलेलं नाही. वाक्य जिथे सोडलंत, तिथेच ते आहे. लाइन लागली का? बाळ-बाळंतीण सुखरूप होती का? मला जाणून घ्यायचंय. पण आधी नातवाला सांगा, आणि मग सवडीने मला कळवा.